सीसीचे राज्य : एसयूव्हीच्या विम्याचा हिशेब नेमका कुठून आला?

१/
नाशिकला तयार होणारी महिंद्राची ‘थार’ घ्या. २०२३ पासून ही गाडी दोन डिझेल इंजिनांत मिळू लागली, एक १४९७ सीसीचे आणि दुसरे २१८४ सीसीचे. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात. मात्र २०२२ च्या सरकारी दरांनुसार पहिलीच्या सक्तीच्या विम्याचा वार्षिक हप्ता ३४१६ रुपये आहे आणि दुसरीचा ७८९७ रुपये. (या धाग्यातील सर्व हप्ते जीएसटी वगळून आहेत.) गाडीचा धक्का बसलेल्या पादचाऱ्याच्या लेखी दोन्हींत काहीच फरक नसतो. कायद्याच्या लेखी तो दुपटीहून अधिक का? या प्रश्नाचे उत्तर गाडीत सापडत नाही, ते इतिहासात सापडते.

२/
प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘एसयूव्हीचा विमा महाग असतो’ हे वाक्य सर्रास ऐकू येते, परंतु भारतीय मोटार विम्याच्या दरपत्रकात ‘एसयूव्ही’ नावाचा वर्गच नाही. करांच्या कायद्याने हा शब्द स्वीकारला. जीएसटीच्या उपकरासाठी लांबी, जमिनीपासूनची उंची आणि इंजिन यांवरून त्याची व्याख्याही ठरवण्यात आली. विम्याचे दरपत्रक मात्र ‘खाजगी मोटार’ एवढेच ओळखते आणि तिचे इंजिन किती घनसेंटीमीटरचे, एवढेच विचारते.

३/
विम्याच्या पावतीत दोन स्वतंत्र हिशेब एकत्र आलेले असतात. पहिला ‘थर्ड पार्टी’चा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला झालेल्या इजेचा. हा सक्तीचा असून त्याचा दर सरकार ठरवते. दुसरा ‘ओन डॅमेज’चा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. हा ऐच्छिक असून त्याचा दर कंपनी ठरवते. दोन्हींचा जन्म वेगळा आणि तर्कही वेगळा आहे. एसयूव्हींची तुलना करताना होणारा बहुतेक गोंधळ हे दोन हिशेब एकत्र मोजल्याने होतो.

४/
सक्तीच्या विम्याची कल्पना भारतात ब्रिटनमधून आली. पहिल्या महायुद्धानंतर तेथील रस्त्यांवर मोटारी वाढल्या आणि अपघातही वाढले. जखमी माणूस न्यायालयात खटला जिंके, पण गाडीवाल्याकडे द्यायला पैसेच नसत, म्हणून निकालाचा कागद हातात घेऊन तो घरी परते. १९३० च्या ‘रोड ट्रॅफिक अॅक्ट’ने तृतीय पक्षाच्या इजेचा विमा सक्तीचा करून यावर उपाय काढला. गाडीवाला कफल्लक असला तरी त्याच्यामागे विमा कंपनीची तिजोरी उभी राहिली.

५/
भारतात मोटारींचा पहिला अखिल भारतीय कायदा १९१४ चा. त्यानंतर १९३९ चा सविस्तर मोटार वाहन कायदा आला आणि त्याच्या आठव्या प्रकरणात सक्तीच्या विम्याची तरतूद झाली. कायदा झाला त्याच वर्षी दुसरे महायुद्ध पेटले आणि हे प्रकरण लगेच अमलात आले नाही. ते लागू होण्यास १ जुलै १९४६ उजाडावा लागला. भारतातील प्रत्येक मोटार विम्याच्या पावतीची वंशावळ या तारखेपर्यंत जाऊन पोहोचते.

६/
ही तरतूद कायद्याच्या इतिहासात विलक्षण होती. करार गाडीमालक आणि विमा कंपनी या दोघांत होतो, परंतु त्याचा लाभार्थी असतो तिसराच. या तिसऱ्या माणसाने ना हप्ता भरलेला असतो, ना कागदावर सही केलेली असते. म्हणूनच तो ‘तृतीय पक्ष’. मृत्यू व शारीरिक इजा यांबाबत खाजगी मोटारीच्या विम्यात आजही रकमेची मर्यादा नाही. मालमत्तेच्या नुकसानीसाठी ती प्रचलित दरपत्रकात साडेसात लाख रुपये आहे. १९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांची वाट मोकळी केली आणि १९८२ च्या दुरुस्तीने चूक सिद्ध न करताही काही किमान भरपाई देण्याचे तत्त्व कायद्यात आणले.

७/
आता मूळ प्रश्नाकडे वळू. गाडीपासूनचा धोका मोजायचा कसा? जुन्या काळी मोजमापाचे सर्वांत सोयीचे साधन म्हणजे इंजिन. ब्रिटनमध्ये १९२१ पासून मोटारींवर दर अश्वशक्तीमागे एक पौंड कर होता. ही अश्वशक्ती खरी नव्हती. सिलिंडरचा व्यास आणि सिलिंडरांची संख्या यांवरून ती सूत्राने काढली जाई. परिणाम असा झाला की ब्रिटिश कारखानदार अरुंद सिलिंडरांची व लांब स्ट्रोकची इंजिने बांधू लागले. मोजपट्टी ठरली की माणूस मोजपट्टीला अनुरूप यंत्र घडवतो, हा धडा ब्रिटनने तेव्हाच दिला होता. पुढे तोच प्रयोग भारतातही झाला.

८/
त्याच सुमारास मुंबईत एक वेगळी गाडी अवतरत होती. १९४५ मध्ये ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी स्थापन झाली. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ असे बदलले. कंपनीने माझगावला अमेरिकी ‘विलीस’ जीपची जोडणी सुरू केली. युद्धकाळातील या जीपचे इंजिन २१९९ सीसीचे होते. भारतीय एसयूव्हीची ही मूळपुरुष गाडी अशी जन्मापासूनच मोठ्या इंजिनाची होती.

९/
दर ठरवण्याचे काम मात्र प्रत्येक कंपनीच्या मर्जीवर नव्हते. विमा कायद्यातील दुरुस्तीनुसार १९६८ नंतर ‘टॅरिफ अॅडव्हायझरी कमिटी’ म्हणजे दर सल्लागार समिती दर बांधून देऊ लागली. १९७२ च्या कायद्याने सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. १ जानेवारी १९७३ पासून १०७ विमा कंपन्या चार सरकारी कंपन्यांत विलीन झाल्या. मुंबईची ‘न्यू इंडिया’, कलकत्त्याची ‘नॅशनल’, दिल्लीची ‘ओरिएंटल’ आणि मद्रासची ‘युनायटेड इंडिया’ अशा त्या चार. दोराबजी टाटांनी १९१९ मध्ये स्थापन केलेली ‘न्यू इंडिया’ आता सरकारची झाली. स्पर्धाच संपल्यामुळे ‘कोणत्या कंपनीचा विमा स्वस्त’ हा प्रश्नही दीर्घकाळ निरर्थक ठरला.

१०/
या जगाचे अखेरचे पूर्ण दरपत्रक म्हणजे १ जुलै २००२ पासून लागू झालेले ‘इंडिया मोटर टॅरिफ’. त्यात खाजगी मोटारींचे तीन टप्पे आहेत : १००० सीसीपर्यंत, १००० ते १५०० सीसी आणि १५०० सीसीच्या पुढे. गेल्या शतकातील भारतीय रस्ता डोळ्यांसमोर आणला की हे टप्पे किती चपखल होते ते कळते. ‘मारुती ८००’ होती ७९६ सीसीची, मुंबईच्या कुर्ल्यात तयार होणारी ‘प्रीमियर पद्मिनी’ १०८९ सीसीची आणि ‘अॅम्बॅसेडर’चे जुने पेट्रोल इंजिन १४८९ सीसीचे. लहान, मध्यम आणि त्यापुढचे सारे मोठे. त्या काळात सीसीवरून गाडीचा आकार, वजन व किंमत यांचा बऱ्यापैकी अंदाज येई.

११/
अपवाद तेव्हाही होताच. १९८५ मध्ये आलेली ‘मारुती जिप्सी’ चारही चाकांना शक्ती देणारी, डोंगर-नाले तुडवणारी गाडी. तिचे इंजिन मात्र ९७० सीसीचे! या मोजपट्टीवर ती शहरात भाजी आणायला निघालेल्या मारुती ८०० च्याच पंगतीला बसे. एका अपवादाने व्यवस्था डळमळत नाही, म्हणून तो कोणाला खुपला नाही. पुढे अपवादच बहुसंख्य झाले, तेव्हा प्रश्न गंभीर बनला.

१२/
२००२ च्या दरपत्रकातील ‘ओन डॅमेज’चे दर तुलनेसाठी फार उद्बोधक आहेत. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत पाच वर्षांपर्यंतच्या गाडीसाठी ते विमित किमतीच्या ३.१२७ टक्के (१००० सीसीपर्यंत), ३.२८३ टक्के (१५०० पर्यंत) आणि ३.४४० टक्के (१५०० च्या पुढे) असे होते. दहा लाख रुपये विमित किमतीच्या गाडीला अनुक्रमे ३१,२७०, ३२,८३० आणि ३४,४०० रुपये पडत. सर्वांत लहान व सर्वांत मोठ्या इंजिनात फरक ३१३० रुपयांचा, म्हणजे साधारण दहा टक्क्यांचा. या हिशेबात खरा निर्णायक आकडा गाडीच्या किमतीचा आहे, इंजिनाचा नव्हे.

१३/
दरपत्रकाने देशाचेही दोन भाग केले होते. ‘अ’ विभागात मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद आणि अहमदाबाद अशी आठ शहरे, तर ‘ब’ विभागात उर्वरित भारत. त्यामुळे नागपूर, कोल्हापूर किंवा पणजी येथे नोंदलेल्या दहा लाखांच्या १५०० सीसीवरील गाडीला ३४,४०० ऐवजी ३३,४३० रुपये लागत. गर्दीच्या शहरात ठोकाठोकीचा संभव अधिक, असे यामागचे साधे गृहीतक होते.

१४/
याच दरपत्रकाने सवलतीची शिडी घालून दिली. ज्या वर्षी दावा केला नाही त्याचे बक्षीस म्हणजे ‘नो क्लेम बोनस’. तो सलग वर्षांच्या हिशेबाने २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के असा वाढतो, आणि एक दावा केला की शिडी पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावी लागते. विमित किमतीची घसरणही ठरलेली. दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत २० टक्के घट आणि पाचव्या वर्षात ५० टक्के. महागड्या एसयूव्हीचा हप्ता पहिल्या वर्षी डोळ्यांत भरतो आणि पुढे झपाट्याने उतरतो, तो या दोन नियमांमुळे.

१५/
‘एसयूव्ही म्हणजे महाग विमा’ ही समजूत मग रुजली केव्हा? १९९१ ची ‘टाटा सिएरा’, १९९४ ची ‘सुमो’, १९९८ ची ‘सफारी’ आणि २००२ ची ‘महिंद्रा स्कॉर्पिओ’ या पिढीत. पुणे-नाशिकच्या कारखान्यांतून निघालेल्या या गाड्यांची डिझेल इंजिने दोन हजार सीसीच्या आसपास किंवा त्याहून मोठी होती. सर्वच्या सर्व तिसऱ्या टप्प्यात जाऊन बसल्या. ‘एसयूव्ही’ आणि ‘१५०० सीसीच्या पुढे’ हे त्या दशकात जवळजवळ समानार्थी झाले. समजूत त्या काळापुरती खरी होती. काळ बदलला, समजूत उरली.

१६/
१ जानेवारी २००७ रोजी दरांचे बंधन सुटले. ‘ओन डॅमेज’चे दर ठरवण्याची मुभा कंपन्यांना मिळाली आणि एकाच गाडीसाठी भिन्न कंपन्यांचे भिन्न हप्ते दिसू लागले. ‘थर्ड पार्टी’चे दर मात्र मोकळे सोडले गेले नाहीत. कारण उघड आहे. ट्रक-बससारख्या धंद्याच्या वाहनांवर कंपन्यांना तोटा होत असे आणि मोकळीक मिळाली असती तर त्यांनी अशा वाहनांना विमा देणेच टाळले असते. त्यांचा भार सर्व कंपन्यांनी मिळून उचलावा म्हणून २००७ ते २०१२ या काळात सामाईक निधीची व्यवस्था करावी लागली. बाजारावर सोडले असते तर १९४६ चा मूळ हेतूच, जखमीच्या भरपाईची हमी, धोक्यात आला असता.

१७/
त्यानंतर दरवर्षी थर्ड पार्टीचे दर बदलू लागले. तीन टप्प्यांचे आकडे असे :
२०१५-१६ : १४६८, १५९८, ४९३१ रुपये.
२०१८-१९ : १८५०, २८६३, ७८९० रुपये.
२०२२ : २०९४, ३४१६, ७८९७ रुपये.
२०१५ मध्ये पहिल्या दोन टप्प्यांत अवघ्या १३० रुपयांचे अंतर होते. २०२२ पर्यंत ते १३२२ रुपयांचे झाले. तिसरा टप्पा आधी उसळला आणि मग जवळजवळ थांबला. २०१८-१९ नंतरच्या चार वर्षांत त्यात केवळ सात रुपयांची भर पडली.

१८/
याच काळात गाड्याच बदलत होत्या. २००६ च्या अर्थसंकल्पात पी. चिदंबरम यांनी लहान गाड्यांवरील उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणले. अट होती : लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत आणि डिझेल १५०० सीसीपर्यंत. कारखानदारांनी मोजपट्टी हातात घेतली. २०१३ मध्ये फोर्डने ९९९ सीसी इंजिनाची ‘इकोस्पोर्ट’ आणली. २०१६ मध्ये महिंद्राने १४९३ सीसीची ‘बोलेरो पॉवर प्लस’ आणली; जुनी बोलेरो २५२३ सीसीची होती. कर वाचवण्यासाठी इंजिने लहान झाली आणि विम्याचा टप्पा आपोआप खाली आला.

१९/
मोजपट्टीचा खेळ किती थेट असतो याचे उदाहरण दिल्लीचे. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजधानी परिसरात २००० सीसी व त्यावरील डिझेल गाड्यांच्या नोंदणीवर बंदी घातली. जानेवारी २०१६ मध्येच महिंद्राने स्कॉर्पिओ व एक्सयूव्ही५०० यांसाठी १.९९ लिटरचे इंजिन आणले. ऑगस्टमध्ये एक टक्का पर्यावरण शुल्काच्या अटीवर बंदी उठली. ब्रिटनच्या अरुंद सिलिंडरांची ही भारतीय आवृत्ती होती.

२०/
आता ही तुलना पाहा. ‘ह्युंदाई व्हेन्यू’चे टर्बो इंजिन ९९८ सीसीचे आणि सुमारे १२० अश्वशक्तीचे. छोट्या डिझेल इंजिनाच्या थारची शक्तीही जवळजवळ तेवढीच. पहिलीचा थर्ड पार्टी हप्ता २०९४ रुपये, दुसरीचा ३४१६. दुसरीकडे, सुमारे ३७ अश्वशक्तीची जुनी मारुती ८०० आणि तिच्या तिपटीहून अधिक शक्तीची ही व्हेन्यू यांचा हप्ता एकच! टर्बोचार्जरने सीसी आणि शक्ती यांचे जुने नाते तोडले. दरपत्रकाला त्याची वार्ताच नाही.

२१/
विजेच्या गाड्यांना सीसीच नसतात, म्हणून त्यांच्यासाठी किलोवॅटचे टप्पे आले : ३० पर्यंत, ३० ते ६५ आणि ६५ च्या पुढे. २०२२ च्या दरांत पर्यावरणस्नेही म्हणून १५ टक्के सवलतही देण्यात आली, आणि हप्ते ठरले १७८०, २९०४ व ६७१२ रुपये. परंतु पुण्याजवळच्या रांजणगावात तयार होणारी ‘टाटा नेक्सॉन’ पाहा. ११९९ सीसीची पेट्रोल नेक्सॉन मधल्या टप्प्यात बसते, हप्ता ३४१६. विजेवरची नेक्सॉन ६५ किलोवॅटच्या पुढे जाते, हप्ता ६७१२. सवलत मिळूनही जवळपास दुप्पट! पेट्रोलच्या गाडीची शक्ती किलोवॅटमध्ये मोजली असती तर तीही ६५ च्या वरच गेली असती, पण तिला तो प्रश्न कोणी विचारलाच नाही.

२२/
नव्या गाडीच्या खरेदीवेळी हा फरक एकदम अंगावर येतो. रस्ता सुरक्षेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २० जुलै २०१८ रोजी आदेश दिला आणि १ सप्टेंबरपासून नव्या मोटारींना तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकरकमी घेणे सक्तीचे झाले. २०२२ च्या दरांनुसार मधल्या टप्प्याला १०,६४० आणि वरच्या टप्प्याला २४,५९६ रुपये. न्यायालयाची चिंता रास्त होती. पहिल्या वर्षानंतर विमा न भरणाऱ्या असंख्य गाड्या रस्त्यावर होत्या, आणि विमा नसलेल्या गाडीने धडक दिली की १९३० पूर्वीचा तो निकालाचा कोरडा कागद जखमीच्या हाती पुन्हा येतो.

२३/
सीसीच्या बाजूनेही बोलले पाहिजे. हा आकडा नोंदणी पुस्तकात छापलेला असतो, त्यावर वाद होत नाही आणि तो सहज बदलता येत नाही. मात्र गाडीचे वजनही त्याच पुस्तकात असते. शिवाय मालवाहू वाहनांचा थर्ड पार्टी हप्ता आजही वजनावरूनच ठरतो. २०२२ मध्ये एकूण ७५०० किलोपर्यंतच्या खाजगी मालवाहतूकदाराच्या ट्रकला नव्हे, तर भाड्याने चालणाऱ्या सार्वजनिक मालवाहू ट्रकला १६,०४९ रुपये आणि ४०,००० किलोच्या पुढच्याला ४४,२४२ रुपये. जड वाहन अधिक इजा करते हे कायद्याने ट्रकच्या बाबतीत कधीच मान्य केले आहे. मोटारीच्या बाबतीत तो अजून इंजिनाचे झाकण उघडून पाहतो.

२४/
म्हणून दोन एसयूव्हींच्या विम्याची तुलना करताना एक बेरीज पुढे न ठेवता तीन आकडे वेगळे मांडावेत. विमित किंमत, कारण ‘ओन डॅमेज’चा डोलारा तिच्यावर उभा असतो, ती कमी दाखवून हप्ता स्वस्त करता येतो, पण चोरीच्या वेळी तेवढीच रक्कम हाती येते. सीसी किंवा किलोवॅटचा टप्पा, कारण थर्ड पार्टी हप्ता त्यानेच ठरतो आणि कोणत्याही कंपनीकडे गेले तरी तो सारखाच राहतो. आणि ‘नो क्लेम बोनस’, जो मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. नवी गाडी घेताना तो सोबत नेता येतो.

२५/
या साऱ्या हिशेबात ज्याच्यासाठी व्यवस्था उभी राहिली तो तृतीय पक्ष कुठे आहे? धडक देऊन पळालेल्या वाहनाचा पत्ताच लागला नाही तर मृताच्या कुटुंबाला मिळणारी रक्कम दीर्घकाळ २५,००० रुपये होती; १ एप्रिल २०२२ पासून ती दोन लाख झाली. १९४६ मध्ये विमा सक्तीचा झाला तो गाडीमालकाच्या सोयीसाठी नव्हे, रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या अनोळखी माणसासाठी. त्याला होणारी इजा गाडीच्या वजनावर, वेगावर आणि नाकाडाच्या उंचीवर अवलंबून असते. दरपत्रक यांतले काहीच मोजत नाही. ते मोजते सिलिंडरमधली पोकळी.

थ्रेड समाप्त.